बेचाळीस नंबर हजर

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची. दोन बॅगा, एक छत्री आणि ही कोरी वही. साठी उलटल्यावर नवी नोकरी धरली म्हणून भाची हसली होती. हसू दे. मला वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खिडकीतून आवारातलं मोठं झाड दिसतं. लोखंडी खाटेचा एक पाय तोकडा होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि माझं घर झालं.

खरं सुख खालच्या मजल्यावर आहे. नऊ नंबरच्या खोलीत माझी धाकटी बहीण आहे. आजारपणानंतर तिचा डावा पाय ओढतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. मी महिन्यातून एकदा यायचे, तास-दोन तास बसायचे आणि परतीच्या वाटेवर रडायचे. आता आम्ही दोघी एका छपराखाली आहोत, शाळेच्या वसतिगृहात होतो तशा. मला बघून तिने पहिलं काय विचारावं? "ताई, केस कुणी कापले तुझे? माळ्याने?"

इथल्या व्यवस्थापक म्हणजे मोठ्या बाई. त्यांनी बजावलं की रहिवाशांची नावं बाहेर कुठे लिहायची नाहीत, म्हणून या वहीतही मी खोलीच्या नंबरानेच लिहीन. नंबरांची मला सवय आहे. वसतिगृहात मी एकेचाळीस होते, धाकटी बेचाळीस.

एक गंमत लिहायलाच हवी. इथे परिचारिकेला सगळे सिस्टर म्हणतात. सिस्टर म्हटलं की मला अजून शाळेतल्या नन आठवतात आणि पाठ आपोआप ताठ होते. त्यात मोठ्या बाईंनी सिस्टरशी माझी ओळख करून दिली ती 'नऊ नंबरच्या सिस्टर' अशी. धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मंगळवार, ५ मार्च

आज काम समजून घेतलं. बारा खोल्या, बारा माणसं आणि त्या सगळ्यांची मिळून कॉम्प्युटरवर एक यादी. एकेकाची एक ओळ. ओळीत रकाने आहेत: खाणं, औषध, झोप, सवयी आणि शेवटी हजेरी. धाकटीची ओळ आधी वाचली. 'चहात साखर कमी. डावा गुडघा. बंद दार सोसत नाही, फट ठेवावी. गाणी म्हणतात, थांबवू नये.' हे 'थांबवू नये' कुणी लिहिलं असेल? त्या माणसावर माझा न बघताच जीव जडला.

यादी एक आणि ती उघडणारे चौघे: मोठ्या बाई, सिस्टर, आचारीकाका आणि मी. एका वेळी एकालाच तीत लिहिता येतं, तेवढ्यात दुसऱ्याने उघडली तर त्याला नुसती वाचता येते. यात वावगं काही नाही. पण गेले सहा महिने कुणालाच लिहिता येत नाहीये. उघडली की पाटी येते: 'ही फाइल नोंद यांनी उघडली आहे. आपल्याला फक्त वाचता येईल.' आता 'नोंद' म्हणजे नोंदी ठेवणारी, कॉम्प्युटरच्या लेखी मी. आणि मी तर कालच आले!

मग प्रत्येकाने आपापली प्रत काढून घेतली. 'यादी नवी', 'यादी नवी खरी', 'यादी नवी खरी शेवटची', आणि आचारीकाकांची 'यादी हीच'. सिस्टरच्या प्रतीत पाच नंबरना मीठ बंद आहे, काकांच्या प्रतीत चालू. काका म्हणाले, बाई, मी दोन्ही याद्यांचा मान राखतो, एक दिवस घालतो, एक दिवस नाही.

मला हे निस्तरायचं आहे. खरं सांगायचं तर असं काम मला आवडतं. कपाट लावल्यासारखं वाटतं.

बुधवार, ६ मार्च

सगळ्या खोल्यांतून फिरले. चार नंबरच्या आजी ब्याण्णव वर्षांच्या आहेत आणि त्यांची जीभ अठरा वर्षांची. मला म्हणाल्या, तू नवी का? बस, आधी दम खा, मग आमच्यावर दया कर. सात नंबरचे आजोबा एके काळी बँडमध्ये वाजवायचे, आता शीळ घालतात. एक आणि तीन नंबर बोलत नाहीत, नुसत्या बघतात. दोन नंबरच्या बाई माझ्याहूनही लहान असतील. त्याही गप्प. पण त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट खुर्चीच्या हातावर मधूनच टकटक करतं. मी वेडेपणाने मोजत बसले. वीस मोजले की एकदा. पुन्हा वीस, पुन्हा एकदा. सिस्टर म्हणाली, सहा महिने हेच चाललंय, झोपेतसुद्धा.

दुपारी धाकटीशी जुन्या गोष्टी निघाल्या. वसतिगृहात अभ्यासाच्या तासाला सगळ्यांची हजेरी व्हायची. धाकटी कायम उशिरा, कुठे तरी मांजर बघत उभी. मी एकेचाळीसला माझ्या आवाजात 'प्रेझेंट, सिस्टर' म्हणायचे आणि बेचाळीसला तिचा चिरका आवाज काढून पुन्हा एकदा. सिस्टरना कमी ऐकू यायचं. एकदा मी अशीच तिची हजेरी लावली आणि ती तेव्हा चादरींच्या खोलीत अडकली होती. बाहेरून कडी कुणी घातली ते कधीच कळलं नाही. यादीत ती हजर, म्हणून कुणी शोधलंच नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला सापडली. हाका मारून मारून आवाज बसला होता.

बंद दार तिला सोसत नाही, ते तेव्हापासून. ती कधी मला बोलली नाही. आजही नाही बोलली. माझ्या हातावर हात ठेवून गाणं म्हणत बसली.

गुरुवार, ७ मार्च

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. पन्नाशीचा बुटका माणूस, सारखा सुस्कारे टाकणारा. त्याने फार छान समजावलं. आपण फाइल उघडली की मशीन तिच्याशेजारी एक बारीकशी चिठ्ठी ठेवतं, की अमुक आत आहे. बंद केली की चिठ्ठी फाडतं. पण मध्येच कुणी वायर उपटली तर चिठ्ठी तशीच राहते. माणूस गेलेला, आणि दाराला कुलूप.

झालंही तसंच होतं. माझ्याआधी नोंदीचं काम करणाऱ्या बाई वाचनखोलीतल्या कॉम्प्युटरवर बसल्या होत्या. तिथेच त्यांना बरं वाटेनासं झालं आणि धावपळीत कुणीतरी वायर काढली.

एक गोष्ट मात्र त्यालाही समजेना. एक मिनिटभर कुणाचा हात लागला नाही तर मशीन चिठ्ठी आपणहून फाडतं. मग ही सहा महिने टिकली कशी? जाऊ दे, म्हणाला, तुम्हीच पुसा, बाई, तुमच्याच नावाची आहे. मी पुसली. एक कळ दाबायची होती फक्त.

फाइल उघडली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दिवसभर बसून चारही प्रती ताडून एक केल्या. पाच नंबरना मीठ बंद, कायमचं. आचारीकाकांनी सुस्कारा सोडला.

संध्याकाळी दोन नंबरवरून गेले. बोट थांबलं आहे. सिस्टर म्हणाली, चला, त्या टकटकीतून सुटल्या बिचाऱ्या.

शुक्रवार, ८ मार्च

ऑफिसातलं मोठं मशीन, ज्यात ही यादी असते, ते सकाळी आठला चालू होतं आणि संध्याकाळी सहाला बंद. आठ वाजता यादी उघडायला गेले तर पुन्हा पाटी. 'ही फाइल       यांनी उघडली आहे.' नावाच्या जागी कोरं. चौघांनाही विचारलं, कुणीच उघडली नव्हती. दहा मिनिटांनी आपोआप सुटली.

चार नंबरची ओळ रिकामी होती. खाणं, औषध, झोप, सवयी, सगळं पुसलेलं. फक्त हजेरीच्या रकान्यात 'हजर'.

माझ्याच हातून काही तरी पुसलं गेलं असेल असं वाटलं. कालची प्रत काढून ओळ पुन्हा भरली. मग आजींकडे गेले, माफी मागायला म्हणा. त्या खिडकीशी बसल्या होत्या. म्हटलं, आजी, आज मला टोमणा नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळं कळत होतं त्यांना, ते डोळ्यांत दिसत होतं. बोलल्या मात्र नाहीत.

शनिवार, ९ मार्च

पुन्हा कोरी पाटी, पुन्हा दहा मिनिटं. कालची भरलेली चारची ओळ परत रिकामी, आणि आज पाचचीही. नुसतं 'हजर'. आचारीकाका सांगत आले की पाच नंबरनी मीठ मागितलं नाही. रोज मागायचे. आज सूप समोर ठेवलं तर सुपाकडे बघत बसले.

सिस्टर म्हणते, या वयात असं होतं. डॉक्टरही तेच म्हणाले. होत असेल.

रविवार, १० मार्च

सहा नंबर.

फाइलची दुसऱ्या नावाने प्रत केली, ती उघडून पाहिली. कोरी पाटी तिच्यावरही.

सिस्टरला विचारलं की दोन नंबरच्या बाई कोण. तिने सांगितलं. त्याच माझ्याआधीच्या नोंदवाल्या. आणि चार नंबरच्या आजी त्यांची आई. गेल्या वर्षी आधी एक नंबर गप्प झाल्या, मग तीन; दोन नंबरची खोली तेव्हा रिकामी होती. तेव्हापासून या बाई वाचनखोलीत फाइल उघडून बसायला लागल्या. जेवायला उठत नसत, कुणाला फाइल देत नसत. सगळे त्यांच्यावर वैतागायचे.

त्यांनी कुलूप लावून ठेवलं नव्हतं. त्या दार धरून बसल्या होत्या. मशीन बंद झालं, वाचा गेली, तरी ते बोट—

आणि मी पुसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार, ११ मार्च

सात नंबर. सकाळी शीळ ऐकू आली नाही तेव्हाच कळलं.

भाचीला फोन केला. म्हटलं, धाकट्या मावशीला घेऊन जा, चार दिवस तरी. पुढच्या महिन्यात बघू म्हणाली. घर तर मी इथे येण्यापूर्वीच विकलं. मोठ्या बाईंना सांगितलं की ही फाइलच पुसून टाका. त्या हसल्या. म्हणाल्या, आत्ता कुठे नीट झालीय. मग मलाच भीती वाटली, पुसली तर चार, पाच, सहा, सात यांचं जे उरलंय तेही... तो एकच शब्द उरलाय ना.

उद्या आठ. परवा नऊ.

मंगळवार, १२ मार्च

पावणेआठपासून कळीवर बोट ठेवून बसले होते. आठला उघडलं. कोरी पाटी. तो माझ्याआधी.

आठ नंबर गेल्या. गेल्या कसलं, आहेत. हजर आहेत.

धाकटी म्हणाली, ताई, तू जेवत नाहीस, मला कळतं. तिच्या खोलीच्या दाराची फट मी दोनदा बघून आले.

बुधवार, १३ मार्च

मिळाली!

मोठं मशीन आठच्या आधी मीच चालू केलं. आचारीकाकांकडून किल्ली घेतली, म्हटलं, बाईंनी सांगितलंय. खोटं बोलले, या वयात. वाचनखोलीतला कॉम्प्युटर आधीच उघडून ठेवला होता. पाटी आली नाही. यादी उघडली. माझ्या नावाने.

पाच मिनिटांनी दुसरी पाटी. '      यांना या फाइलमध्ये लिहायचे आहे. सोडायची का?' मी 'नाही' दाबलं. पुन्हा आली. 'नाही'. मिनिटभर हात लागला नाही तर मशीन सोडून देणार, म्हणून दर वीस मोजून एक कळ. सहा वाजेपर्यंत. उठले नाही.

धाकटी दुपारभर शेजारी बसून गात होती. नऊची ओळ शाबूत.

शनिवार, १६ मार्च

चार दिवस धरली आहे. थकले. पाठ, डोळे, सगळंच. आचारीकाका ताट इथेच आणून ठेवतात, म्हणतात, बाई, त्या खुर्चीचाच काही तरी वास्तुदोष आहे, आधीच्याही अशाच बसायच्या. सिस्टर चिडलीय, तिला औषधं लिहायची आहेत. मी तिला म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

जेवताना डाव्या हातात चमचा, उजवा कळीवर. धाकटी म्हणाली, तू आता पेटी वाजवायला शीक, बोट बरं चालतंय.

मंगळवार, १९ मार्च

तो बुटका आला होता. मोठ्या बाईंनी बोलावला. मशीन आता सहाला बंद होणार नाही. कायम चालू. सगळ्यांची सोय म्हणून.

त्याला म्हटलं, नको. का नको ते सांगता येईना. तो सुस्कारा टाकून म्हणाला, बाई, तुम्ही जरा पडा.

पडले की फाइल—

गुरुवार, २१ मार्च

एक शोध लागला. आज चहा घ्यायला उठावंच लागलं, चक्कर येत होती. चहाच्या टेबलावर बोट आपोआप चालू. वीस, टक. वीस, टक. परत आले तर अर्धा तास झाला होता. फाइल माझ्याच नावावर.

म्हणजे कळ लागत नाही. माणूस लागतो.

दोन नंबरच्या बाईंजवळ जाऊन बसले. हात हातात घेतला. म्हटलं, मला माफ करा. त्या नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या ओळीत काय उरलं असेल, तो एक शब्द आता मला पाठ आहे.

शुक्रवार, २२ मार्च

शब्द अडकतायत. सकाळी सिस्टरला पाणी मागायचं होतं. पाणी डोळ्यांपुढे होतं, नाव येईना. हात करून मागितलं.

लिहिता येतंय अजून. डाव्या हाताने. उजवा—वीस.

पाटी आता मिनिटाला येते. सोडायची का. सोडायची का. नाही.

रविवार, २४ मार्च

धाकटी म्हणते ऊठ ना ताई, झाडाला पालवी आली, चल दाखवते. हात ओढते. तिचा हात गरम.

सोडली तर ती अशीच हात धरून नुसती—

नाही.

सोमवार, २५ मार्च

बोलून बघितलं. आवाज नाही.

यादीत नवी ओळ. तेरा. मोठ्या बाईंनी कागदावर लिहिली, मशीनवर जमेना म्हणून. वरची खोली, देखरेख हवी. माझी ओळ. भाचीलाही फोन केला म्हणे. ती आज येणार, मला न्यायचं का ते बघायला.

येऊ दे. ती विचारील. ती तरी विचारील मावशी काय झालं. मी ही वही तिच्या हातात—

दुपार

भाची आली. सगळ्यांना वाचनखोलीत बसवलंय. सिस्टर कागदावरून हजेरी घेतेय. भाची दारात, खांद्यावरची पर्स काढलीसुद्धा नाही. गाडी थांबवून ठेवलीय म्हणते.

नऊ नंबर? धाकटी जोरात म्हणाली हजर. किती छान आवाज. सगळं आहे तिच्या ओळीत. साखर कमी. गाणी.

तेरा नंबर?

तोंड उघडलं. काही नाही. वीस. टक. भाची बघतेय. आता तिला कळेल. आता ती आत येईल, शोधील—

धाकटीने माझ्याकडे बघितलं. डोळे मिचकावले. मला वाचवलं असं वाटलं तिला, माझं बाळ. माझाच आवाज, तो शहाणा, शाळेतला—प्रेझेंट, सिस्टर.

सगळे हसले. भाचीही. म्हणाली, मावशी तर ठणठणीत आहे. सिस्टरने खूण केली. हजर.

गाडी सुरू झाली. वही मांडीवरच, उठता आलं नाही.

नको धाकटे, माझ्या नावाने नको म्हणूस, आता कुणी शोधायला येणार नाही, मी आत आहे, चादरींच्या खोलीत, बाहेरून कडी—वीस—मी आत—